कोट घातलेला बगळा दोन सेंटिमीटरांत कसा मावतो?

उठावशिल्प म्हणजे पाटीतून वर आलेली आकृती. तिच्या मागे जाऊन बघता येत नाही, समोरून आणि थोडं बाजूने बघता येतं. चित्रात खोली नसते, त्यामुळे ती सगळी भासवावी लागते. चारही बाजूंनी बघायच्या शिल्पात ती सगळी खरी असते. उठावात थोडी खोली खरी असते, बरीचशी भासवलेली असते, आणि एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे बघणाऱ्याला कळता कामा नये. त्यावर रंग चढवायचा म्हटलं की आणखी एक पेच येतो. आकाराची स्वतःची सावली पाटीवर पडतेच, वर आपण रंगाने सावल्या काढतो. दोन्ही जुळल्या तर आकृती जिवंत होते. नाही जुळल्या तर सगळं गढूळ दिसतं.

हे काम नेमकं कसं चालतं ते एकाच आकृतीवरून समजावून घेऊ. आपली आकृती आहे एक बगळा. अंगात लांब कोट, पायात त्याच्या मापापेक्षा कितीतरी मोठे बूट, एका पंखात उंच धरलेला कंदील, आणि कोटाच्या खिशातून डोकं बाहेर काढून बसलेला एक उंदीर. पाटीची उंची ४५ सेंटिमीटर, बगळा ३८ सेंटिमीटर, आणि सगळ्यात जास्त उठाव २ सेंटिमीटर. हे माप मुद्दाम घेतलं आहे. इतक्या उठावात गंमत आणि अडचण दोन्ही नीट दिसतात.

उठावाचे ढोबळ प्रकार आधी सांगून टाकतो. आकृती पाटीवरून जेमतेम वर आली असेल तर तो कमी उठाव. नाण्यावरचा चेहरा हे त्याचं रोज हाताळलं जाणारं उदाहरण. निम्म्याहून अधिक आकार बाहेर आला असेल, काही भाग तर पाटीपासून सुटेच झाले असतील, तर तो जास्त उठाव. प्राचीन इजिप्तमध्ये तिसराच प्रकार रूढ होता. आकृतीची बाह्यरेषा दगडात खोल कोरायची आणि आकृती त्या खळग्यातच, भिंतीच्या पातळीच्या आत ठेवायची. उघड्या भिंतीवर कडक ऊन पडलं की त्या कोरीव रेषेत गडद सावली भरते आणि आकृती लांबूनही ठळक वाचता येते. चौथा प्रकार इटलीतला. शिल्पकार डोनातेल्लोने १४१७ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये सेंट जॉर्ज आणि ड्रॅगनचा संगमरवरी पट्ट केला. त्यात मागचं दृश्य इतकं पातळ कोरलं आहे की तिथे दगडावर छिन्नीने चित्र काढल्यासारखं वाटतं. तरीही डोळ्याला मैदान दूरवर जाताना दिसतं. पातळ उठावात किती अंतर मावू शकतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आधी बाह्यरेषा

गमतीदार आकृतीचं काम मातीपासून सुरू होत नाही, कागदापासून सुरू होतं. आणि कागदावरही आधी रेषा, डोळे, बटणं असं काही काढायचं नसतं. आकृती पूर्ण काळी भरून बघायची. नुसत्या काळ्या आकारावरून हा बगळा आहे, त्याने कोट घातला आहे, त्याने काहीतरी उंच धरलं आहे आणि तो घाईत आहे, एवढं कळलं पाहिजे. कळलं नाही तर पुढे कितीही उठाव दिला, कितीही रंग लावला तरी ते कळणार नाही. कारण उठावात बघणारा सगळ्यात आधी बाह्यरेषाच वाचतो. त्याला बाजूला सरकून 'हे काय आहे' ते तपासता येत नाही.

म्हणून चोच कोटाच्या अंगावर पडेल अशी ठेवायची नाही, ती मोकळ्या पाटीवर यायला हवी. कंदील डोक्यामागे लपता कामा नये. दोन पाय एकमेकांवर येऊन एकच जाड खांब दिसू नयेत, त्यांच्यामध्ये पाटीचा एक त्रिकोण उघडा राहायला हवा. ही मोकळी जागा आकृतीइतकीच विचारपूर्वक काढावी लागते. बगळ्याला आपण एका बाजूने दाखवतो आहोत, त्यामागे हेच कारण आहे. समोर रोखलेली चोच दोन सेंटिमीटरांत बसवणं फार जड जातं, कारण सगळ्यात लांब अवयव नेमका बघणाऱ्याच्या दिशेने येतो आणि तिथेच आपल्याकडे जागा नसते. नाण्यांवरचे चेहरे बहुतेक वेळा एका बाजूने का असतात, याचंही मोठं कारण हेच आहे.

आता गंमत येते कुठून? माझ्या मते एका ठिकाणचं प्रमाण बेधडक मोडून बाकीचं सगळं अगदी गांभीर्याने खरं ठेवण्यातून. बगळ्याचे बूट अवाढव्य आहेत, पण बुटाच्या नाड्या, टाचेची झीज, चामड्यावरच्या घड्या खऱ्या बुटासारख्या आहेत. कोट घातलेला पक्षी अशक्य असला तरी कोटाची शिवण खांद्यावर जिथे ताणली जाते तिथेच ताणलेली आहे. सगळंच वेडंवाकडं केलं तर बघणाऱ्याला धरायला काही उरत नाही. नुसतं विचित्र दिसतं, लोभस दिसत नाही.

लोभसपणाबद्दल एक पक्की गोष्ट सांगता येते. प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झने १९४३ मध्ये मांडलं की मोठं डोकं, मोठं कपाळ, चेहऱ्यावर खालच्या बाजूला बसलेले मोठे डोळे, फुगीर गाल आणि आखूड हातपाय ही बाळाची लक्षणं दिसली की माणसाच्या मनात माया जागी होते. ती प्राण्यात दिसली तरीही. खिशातल्या उंदराला आपण ही सगळी लक्षणं देणार आहोत. बगळ्याला मात्र एकही नाही. त्याचा डोळा लहान आणि डोकं चपटं राहील. एकाच पाटीवर दोघंही गोंडस झाले की दोघंही फिके पडतात.

खोली दाबायची कशी

हा सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

३८ सेंटिमीटर उंचीचा बगळा पूर्ण शिल्प म्हणून घडवला असता, तर कंदील धरलेल्या पंखापासून पलीकडच्या पंखापर्यंत त्याची जाडी साधारण १२ सेंटिमीटर झाली असती. आपल्याकडे आहेत २. म्हणजे सगळं सहापट दाबायचं. सरळ हिशेबाने दाबलं तर काय होईल? कोटाचं बटण ३ मिलिमीटर वर असायला हवं होतं, ते अर्ध्या मिलिमीटरवर येईल. त्यावर अस्तराचे दोन-तीन हात आणि रंगाचे थर चढले की बटण गायब. डोळ्याची गोलाई, पिसांच्या कडा, शिवण यांचंही तेच. उलट पंख आणि अंग यांच्यामधली मोठी पायरी दाबूनही बरीच जागा खाते. म्हणजे सरळ हिशेब नको ते राखतो आणि हवं ते पुसून टाकतो.

म्हणून उठाव करणारे उलटं करतात. मोठ्या उड्या भरपूर दाबतात आणि बारीक चढउतार जवळजवळ होते तसे राखतात. अंग आणि पंख यांच्यात खरं अंतर ४ सेंटिमीटर असेल तर ते ४ मिलिमीटरवर आणतात, पण बटणाचे ३ मिलिमीटर दोनच्या खाली जाऊ देत नाहीत. संगणकावर त्रिमितीय आकृतीतून उठाव काढून देणाऱ्या प्रोग्रॅमांचीही मूळ युक्ती हीच आहे. ते बाह्यरेषेवरच्या मोठ्या पायऱ्या कापतात आणि पृष्ठभागावरचे लहान उतार जपतात.

हे करताना एकच गोष्ट मोडायची नाही: क्रम. जे पुढे आहे ते पुढेच राहिलं पाहिजे, भले अर्ध्या मिलिमीटरने का होईना. पत्त्यांचा जोड कितीही दाबला तरी राजा राणीच्या वर असेल तर वरच राहतो, तसं. बघणाऱ्याचा डोळा अंतर मोजत बसत नाही, कोण कोणाला झाकतो हे बघतो. पंखाची कड कोटावर स्पष्ट चढली असेल तर ती ४ मिलिमीटर वर आहे की ४ सेंटिमीटर, याने डोळ्याला फारसा फरक पडत नाही. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिरावरची शिल्पपट्टी याच जोरावर उभी आहे. ती सुमारे १६० मीटर लांब आहे आणि तिचा उठाव कुठेही साडेपाच सेंटिमीटरच्या फारसा वर जात नाही. तरी तिच्यात घोडेस्वार एकमेकांना झाकत, रांगच्या रांग दौडताना दिसतात.

आपल्या बगळ्यासाठी पातळ्या आधीच कागदावर लिहून ठेवायच्या. पाटी शून्य. पलीकडचा पाय ३ मिलिमीटर. शेपटी ४. अलीकडचा पाय ७. मान ८, डोकं १०. कोटाचं अंग १२. कंदील धरणारा पंख १६, कंदील १८. आणि उंदराचं नाक पूर्ण २० मिलिमीटर.

उंदराची जागा जवळून बघण्यासारखी आहे. तो खिशात आहे, म्हणजे कोटाच्या कापडापुढे, पण खिशाच्या कापडामागे. कोट तिथे १२ वर आहे, खिशाची कड १५ वर. म्हणून उंदराची छाती १३ वर ठेवायची, आणि ती खिशाच्या कडेखाली शिरताना दिसली पाहिजे. मग तो पुढे झुकला आहे म्हणून मान १५, गाल १७, नाक २०. पुढचे दोन पंजे खिशाच्या कडेवरून बाहेर आले आहेत, ते १६ वर. छातीपासून नाकापर्यंत सगळा प्रवास सात मिलिमीटरचा, पण आत, कडेवर आणि बाहेर या तीन जागा क्रमाने वाचता आल्या की तो खिशात बसलेला दिसतो. छाती चुकून १६ वर गेली की उंदीर खिशाला बाहेरून चिकटवल्यासारखा दिसेल, आणि मग त्याचा चेहरा कितीही सुंदर केला तरी उपयोग नाही.

कड

पातळ्या ठरल्यावर दुसरा निर्णय कडांचा. आकृती पाटीला जिथे भेटते ती कड तीन तऱ्हांनी करता येते. सरळ उभी कापली तर मध्यम सावली पडते. आत वळवून थोडी पोखरली तर खाली अंधारी फट तयार होते आणि वरचा आकार उचलून धरल्यासारखा दिसतो. आणि हळूहळू उतरवत पाटीत मिसळून टाकली तर सावलीच राहत नाही, तो भाग मागे विरून जातो.

सगळीकडे एकसारखी कड ठेवली की आकृती पाटीवर चिकटवलेल्या बिस्किटासारखी दिसते. नव्याने काम करणाऱ्यांच्या उठावात हा दोष सर्रास दिसतो. चोचीची खालची कड पोखरायची, कंदिलाचीही. उंदराच्या कानांमागे टोकदार हत्याराने बारीक फट काढायची. शेपटी मात्र पाटीत विरवून टाकायची, पलीकडच्या पायाची मागची बाजूही. मागचं हे विरणं पुढच्याला पुढे आणतं. उठाव न वाढवता खोली वाढवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

पाटी आणि माती

साहित्याबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, पण माझ्या लेखी याला कागदावरच्या कामाच्या निम्मंही महत्त्व नाही. तरी चुकीचं साहित्य चांगलं काम फोडू शकतं, म्हणून थोडक्यात.

प्लायवूड किंवा एमडीएफची पाटी चालते. तिला दोन्ही बाजूंनी आणि कडांनीही सीलर लावायचा. एकाच बाजूने ओल लागली की पाटी वाकते आणि पाटी वाकली की माती सुटते. जिथे जाड भाग येणार तिथे पाटीत छोटे स्क्रू अर्धवट बसवून ठेवायचे म्हणजे मातीला पकड मिळते. बगळ्याच्या पायांसाठी आणि कंदिलाच्या दांड्यासाठी तार. १६ मिलिमीटर वर जाणाऱ्या पंखाखाली सगळी माती भरायची गरज नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून घट्ट दाबून ती खाली बसवली की वजनही कमी आणि भेगाही कमी.

वर काय लावायचं? हवेत वाळणारी माती स्वस्त आणि सुटसुटीत, पण वाळताना आकसते. खाली न आकसणारी पाटी, वर आकसणारी माती, म्हणजे भेगा येणारच. त्यावर उपाय म्हणजे पातळ थर, आणि एक वाळल्यावर दुसरा. पहिल्या भेगा त्याच मातीच्या घट्टसर लगद्याने बुजवायच्या. इपॉक्सी पुट्टी दोन भाग मळून तयार होते, दोन-तीन तास हातात राहते, दुसऱ्या दिवशी दगडासारखी होते आणि जवळजवळ आकसत नाही. उंदराचे पंजे, चोचीचं टोक, बुटाच्या नाड्या यांसाठी मी तीच वापरतो, कारण पातळ आणि सुटे भाग तिच्यात मोडत नाहीत. मळताना हातमोजे मात्र हवेतच. इपॉक्सीची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की सहसा जात नाही. पॉलिमर क्ले साधारण १३० अंश सेल्सिअसला भाजावी लागते, म्हणून ती ओव्हनमध्ये मावेल एवढ्याच कामाला ठीक.

भट्टीत भाजायच्या मातीचं गणितच वेगळं. वाळण्यात आणि भाजण्यात मिळून ती ढोबळमानाने दहा टक्के आकसते, त्यामुळे ३८ सेंटिमीटरचा बगळा ३४ वर येतो. ती लाकडी पाटीवर चिकटवून ठेवता येत नाही, खाली वर्तमानपत्राचा कागद घालून मोकळी ठेवावी लागते, म्हणजे आकसताना सरकू शकते. जाड भाग मागून पोखरायचे. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि तुकडा फुटतो. पण हे सगळं सांभाळलं तर मिळणारा टिकाऊपणा दुसऱ्या कशात नाही. शिल्पकार लुका देल्ला रोब्बियाने १४४० च्या दशकात फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलसाठी भाजलेल्या मातीवर कथिलाच्या ऑक्साइडची अपारदर्शक झिलई चढवून उठाव केले. निळ्या पाटीवर पांढऱ्या आकृती. पावणेसहाशे वर्षं उलटली, ते निळे-पांढरे रंग आजही स्वच्छ आहेत.

घडवताना

चित्र पाटीवर उतरवलं की आधी सगळ्या पातळ्या सपाट थरांत भरून घ्यायच्या. डोळे, पिसं, शिवण काही नाही. नुसत्या पायऱ्या. या टप्प्यावर काम कुरूप दिसतं आणि ते तसंच दिसायला हवं. बगळ्याचा चेहरा आधी पूर्ण करून मग मान जोडायला गेलात तर मान त्या चेहऱ्याची गुलाम होते, आणि पातळी चुकली आहे हे कळूनही चेहरा मोडायचा धीर होत नाही.

पायऱ्या बरोबर आल्या की त्या गोलवायच्या, आणि इथून पुढे टॉर्च हातात ठेवायचा. खोलीत अंधार करून टॉर्च पाटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरका मारायचा. समोरच्या सपाट उजेडात जे ठीक वाटतं ते तिरक्या उजेडात उघडं पडतं. कोटावरचा नको असलेला खळगा, दोन्ही बुटांच्या असमान टाचा, मानेवरचा बोटाचा ठसा, सगळं दिसतं. मग टॉर्च उजवीकडून, मग खालून. खालून उजेड टाकला की चेहरे भेसूर दिसतात. तो उजेड दोष शोधण्यासाठी, निकाल देण्यासाठी नाही.

वरूनच उजेड का धरायचा? कारण आपला मेंदू उजेड वरून येतो असं गृहीत धरून चालतो. आकाराची वरची कड उजळ आणि खालची गडद असेल तर तो फुगवटा वाचतो, उलटं असेल तर खड्डा. उठावाचा फोटो उलटा धरून बघा, अनेकदा फुगवटे खड्डे झालेले दिसतात. म्हणजे उठावशिल्प अर्धं मातीत घडतं आणि अर्धं उजेडात. कुठे टांगणार आणि प्रकाश कुठून येणार, हे आधी माहीत असेल तर त्यानुसार कडा बदलता येतात. पार्थेनॉनची पट्टी खालून बघितली जाणार हे ठाऊक होतं, म्हणून कारागिरांनी तिचा वरचा भाग खालच्यापेक्षा अधिक उठावात ठेवला.

उंदराच्या चेहऱ्याविषयी थोडं. समोरून दिसणारा चेहरा उठावात बसवताना नाक दाबावं लागतं, आणि दाबलेलं नाक चपटं दिसतं. इलाज नाकात नाही, गालात आहे. गाल बाजूला पटकन उतरवले की नाक आहे तेवढ्याच उंचीवर पुढे आल्यासारखं वाटतं. डोळ्यासाठी आधी खोबण, मग तिच्यात बसवलेली अर्धगोल गोळी, आणि मग वरची पापणी वेगळ्या पातळ पट्टीने. पापणीची पट्टी गोळीवरून किंचित पुढे आली की तिची स्वतःची सावली डोळ्यावर पडते आणि नजर मिळते. ही सावली रंगाने कधीच तितकी नीट येत नाही.

वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायचं, पण सगळं गुळगुळीत करायचं नाही. कोट खरखरीत, बूट नितळ, चोच आणखी नितळ. ओल्या मातीत घट्ट विणीचं कापड दाबलं की कोटाला कापडाचा पोत मिळतो. घासताना मास्क हवा. मातीत बारीक सिलिका असते, एमडीएफची धूळही फुप्फुसाला वाईट. जमिनीवरची धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

एकाच आकृतीच्या अनेक प्रती हव्या असतील तर या टप्प्यावर सिलिकॉनचा साचा घेतात. एक सावधगिरी: मूळ काम गंधक असलेल्या प्लॅस्टिसिनमध्ये, म्हणजे न वाळणाऱ्या तेलकट मातीत, केलं असेल तर प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन त्याला लागून धरतच नाही, चिकट राहतं. साच्यात प्लास्टर ओतायचं तर पाण्यात प्लास्टर शिंपडत जायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. घट्ट होताना प्लास्टर चांगलंच तापतं, म्हणून त्यात हात बुडवून ठेवू नये. कंदिलाखाली पोखरलेली कड साच्यातून निघेल का, हा विचार प्रती काढणाऱ्याने पहिल्याच दिवशी करायला हवा. एकच नग करणाऱ्याला ती चिंता नाही.

रंग

शिल्प रंगवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय, असं मानणारे बरेच आहेत. संगमरवराच्या पांढऱ्या शिल्पांवर आपली नजर घडली आहे, पण ती शिल्पं मुळात पांढरी नव्हती. ब्रिटिश म्युझियममध्ये २००९ मध्ये पार्थेनॉनच्या शिल्पांवर इजिप्शियन ब्लू या जुन्या रंगाचे अंश सापडले. हा रंग लाल प्रकाश पडला की अवरक्त किरण सोडतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारे कणही विशेष कॅमेऱ्यात चमकतात. लाकडी उठावांच्या बाबतीत तर युरोपात कोरणारा वेगळा आणि रंगवणारा वेगळा असा रिवाजच होता. जर्मनीतल्या तिलमान रीमेन्श्नायडर या शिल्पकाराने १४९० ते १४९२ दरम्यान म्युनरश्टाटच्या चर्चसाठी केलेली वेदी न रंगवता उभी केली. काही वर्षांतच, १५०४ च्या सुमारास, ती फाइट श्टोस या दुसऱ्या शिल्पकाराकडून रंगवून घेतली गेली. मला या घटनेत खूप काही दिसतं. ज्याने सावलीच्या भरवशावर कोरलं त्याला रंग नको होता. बघणाऱ्यांना मात्र हवा होता.

रंगवणार असू तर कोरताना किंवा घडवतानाच ते लक्षात ठेवायला हवं. रंग बारीक सावल्या खातो. गडद रंगावर सावली दिसत नाही, फिक्या रंगावर ती लख्ख दिसते. म्हणून जिथे आकाराचं काम नाजूक आहे तिथे फिका किंवा मध्यम रंग, आणि जिथे आकार मोठा आणि सरळ आहे तिथे गडद चालतो. बगळ्याचं डोकं आणि मान फिकट राखाडी. कोट विटकरी, कारण त्याच्या घड्या मोठ्या आहेत. बूट जवळजवळ काळे. पाटी निस्तेज निळसर-हिरवी. निस्तेज थंड रंग मागे सरतात, तेजदार उबदार रंग पुढे येतात. पातळ्यांचा क्रम रंगानेही तोच सांगायचा.

आधी जेसोचे दोन-तीन पातळ हात. यात खडूसारखी पांढरी भुकटी असते आणि ती रंगाला पकड देते. मग मला आवडणारी पद्धत अशी: सगळ्यावर गडद तपकिरी एक हात द्यायचा, फटींत, पोखरलेल्या कडांत, पिसांच्या मुळाशी नीट पोचवायचा. तो वाळल्यावर वरच्या बाजूने, जिथून उजेड येणार तिथूनच, पांढरा रंग स्प्रेने किंवा जवळजवळ कोरड्या ब्रशने मारायचा. वर बघणारे भाग पांढरे होतात, खाली बघणारे तपकिरी राहतात. एकही रंग लावण्याआधी उजेड आणि सावलीचा पूर्ण नकाशा तयार. त्यावर अ‍ॅक्रिलिकचे पातळ, पारदर्शक थर दिले की खालचा नकाशा रंगातून दिसत राहतो.

रंगाने सावली काढायची की नाही, या प्रश्नाचं माझं उत्तर: खऱ्या सावलीच्याच जागी, खऱ्या सावलीपेक्षा हलकी. चोचीखाली फट पोखरली आहे, तिथे थोडा गडद रंग भरला तर भिंतीवर उजेड कसाही असला तरी चोच सुटी दिसेल. पण पाटीवर बगळ्याची लांब तिरकी सावली रंगवून ठेवली आणि घरात दिवा दुसऱ्या बाजूला असला, तर दोन दिशांना दोन सावल्या होतात आणि अख्खा भास कोसळतो. कंदिलाच्या उजेडाचंही तसंच. त्याची पिवळी झाक चोचीच्या आणि पंखाच्या कंदिलाकडच्या कडेवर थोडीशी लावली तर मोहक दिसते, सगळ्या कोटावर पसरली तर खरा उजेड आणि रंगवलेला उजेड यांचं भांडण लागतं.

थर चढल्यावर शेवटी वॉश. तपकिरी रंग पाण्यात आणि मीडियममध्ये (रंग पातळ करायच्या पारदर्शक द्रावात) खूप पातळ करून कोटावर फिरवायचा आणि लगेच ओलसर फडक्याने वरवर पुसायचा. उंचवट्यावरचा निघतो, शिवणीत आणि घडीत राहतो. मग त्याच्या उलट, ब्रशमधला जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून, उरलेल्या कोरड्या फिक्या रंगाने फक्त उंच कडांवरून हलका हात. पिसांचं एकेक टोक उजळतं. या दोन्ही गोष्टी खूप झटपट आणि खूप परिणामकारक आहेत, म्हणूनच त्यांचा अतिरेकही फार होतो. सगळ्या फटी काळ्या आणि सगळ्या कडा पांढऱ्या झाल्या की पूर्ण पाटी सारख्याच आवाजात ओरडते. सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिका रंग शेजारी शेजारी फक्त एका ठिकाणी आणायचा, जिथे नजर जायला हवी तिथे. आपल्या पाटीवर ती जागा म्हणजे उंदराचा डोळा. आणि अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो, कारण ओला असताना त्यातलं दुधी माध्यम रंग फिका दाखवतं; म्हणून छटा ठरवताना आधी कागदावर वाळवून बघावी.

चकाकी नको, मॅट हवं

सगळ्यात शेवटी व्हार्निश. उठावावर चकचकीत व्हार्निश मी कधीच लावणार नाही. चकचकीत पृष्ठभागावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, ते बघणाऱ्याबरोबर सरकतं, आणि इतक्या कष्टाने बसवलेले उतार त्या पांढऱ्या ठिपक्यांखाली नाहीसे होतात. सतराव्या शतकाच्या स्पेनमध्ये शिल्पांच्या त्वचेचा रंग चकचकीत असावा की मॅट, यावर खरोखर वाद होता. चित्रकार व्हेलाझ्केझचा गुरू फ्रान्सिस्को पाचेको मॅटच्या बाजूचा होता. मॅट व्हार्निशचे दोन पातळ हात पुरे. अपवाद तिघांचा: बगळ्याचा डोळा, उंदराचे डोळे आणि नाक, आणि कंदिलाची काच. तिथे बारीक ब्रशने चकचकीत व्हार्निशचा एकेक थेंब. बाकी सगळं मॅट असल्यामुळे हे थेंब ओले दिसतात.

टांगण्यासाठी मागे नुसती दोरी नको. उठावाचं वजन पाटीच्या पुढे असतं, त्यामुळे दोरीवर टांगलेली पाटी वरून पुढे झुकते आणि वरच्या कडा सावलीत जातात. मागे तिरकी कापलेली लाकडी पट्टी, आणि भिंतीवर तिच्यात अडकणारी दुसरी, ही जोडी सगळ्यात भरवशाची. पाटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे वरच्या पट्टीच्या जाडीचे गुटके लावले की ती भिंतीला समांतर राहते. दिवा वरून, भिंतीपासून थोडा पुढे, तिरका. समोरून मारलेला दिवा सगळ्या सावल्या पुसतो, आणि भिंतीला अगदी चिकटून वरून मारलेला दिवा दोन मिलिमीटरच्या बटणाचीही लांबलचक सावली पाडतो. या दोन टोकांच्या मध्ये दिवा हळूहळू सरकवत राहायचं. उंदराच्या पापणीची सावली डोळ्यावर नेमकी बसली की तिथेच स्क्रू आवळायचा.